बक्षीस परत करणारी चित्रकर्ती

१९३५ सालची गोष्ट. सिमला ही तेव्हा इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी होती. व्हाइसरॉयपासून संस्थानिकांपर्यंत सारी बडी मंडळी तेथे गोळा होत आणि त्यांच्या करमणुकीत तेथल्या फाइन आर्ट्स सोसायटीच्या वार्षिक चित्रप्रदर्शनालाही मानाचे स्थान असे. त्या वर्षी बावीस वर्षांच्या एका मुलीने प्रदर्शनासाठी दहा चित्रे पाठवली. सोसायटीने पाच ठेवून घेतली, पाच परत केली आणि ठेवून घेतलेल्यांपैकी एका चित्राला बक्षीस जाहीर केले. एखाद्या नवख्या चित्रकाराला यात आनंदच झाला असता. या मुलीने मात्र बक्षीस परत पाठवले. सोबतच्या पत्राचा आशय असा होता की, जी चित्रे आपण नाकारली त्यांवरून आपली अभिरुची कळली, तेव्हा आपल्या अभिरुचीला मानवेल अशा कोणा चित्रकाराला हे बक्षीस द्यावे हे बरे. आणि यापुढे आपल्या प्रदर्शनात मी चित्रे ठेवणार नाही.

ही मुलगी म्हणजे अमृता शेरगिल. या प्रसंगावरून तिच्यावर जो उद्धटपणाचा शिक्का बसला तो आजतागायत पुरता पुसला गेलेला नाही. ती स्वभावाने नम्र होती असे तिचे चाहतेही म्हणणार नाहीत. पण तिच्या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्याकडे नीट पाहिले, तर या नकारामागे नुसता तोरा नव्हता हे ध्यानात येते. तिने आयुष्यात असे नकार पुष्कळ दिले आणि प्रत्येकाची किंमत तिलाच मोजावी लागली.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग हे पंजाबातील मजिठिया या सरदार घराण्यातले. संस्कृत व फारसीचा त्यांचा व्यासंग मोठा, वृत्ती विरक्त, आणि छायाचित्रणाचा नाद असा की घरातल्या माणसांची आणि स्वतःची त्यांनी काढलेली छायाचित्रे आज स्वतंत्र कलाकृती म्हणून अभ्यासली जातात. आई मारी आंत्वानेत ही हंगेरियन गायिका. महाराजा रणजितसिंगांची नात राजकन्या बांबा हिच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि १९१२ साली लाहोरात तिचे उमरावसिंगांशी लग्न झाले. पहिल्या महायुद्धामुळे हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. १९१४ साली धाकटी बहीण इंदिरा जन्मली आणि १९२१ मध्ये सारेजण सिमल्याजवळ समर हिल येथे राहावयास आले.

मुलीच्या हातात चित्रकला आहे हे आईला लवकर उमगले. १९२४ मध्ये तिने अमृताला इटलीत फ्लॉरेन्सच्या एका शाळेत नेऊन घातले, पण तेथील कडक शिस्त मुलीला मानवली नाही आणि थोड्याच दिवसांत मायलेकी परत आल्या. खरा मार्गदर्शक भेटला तो मामाच्या रूपाने. एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक, आरंभी स्वतःही चित्रकार. कल्पनेतल्या राजकन्या रंगवणे सोडून समोरचे जिवंत माणूस बघून काढ, असे त्यांनी भाचीला सांगितले. पॅरिसला जाऊन शिकण्याचा विचारही त्यांच्याच प्रोत्साहनाने पक्का झाला.

१९२९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, अमृता पॅरिसला गेली. पुढे तेथील नामांकित एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली तिने शिक्षण घेतले. सुदैवाने हे गुरू विद्यार्थ्याच्या हातावर आपला हात ठेवून गिरवून घेणारे नव्हते. पॅरिसमधल्या पाच वर्षांत तिने मुख्यतः माणसेच रंगवली. मैत्रिणी, बहीण, पोटासाठी बसणारी मॉडेल्स, आणि पुन्हा पुन्हा स्वतःला. १९३२ सालच्या ‘यंग गर्ल्स’ या मोठ्या चित्रात दोन मुली एका खोलीत बसल्या आहेत. एक नीटनेटकी, सावरून बसलेली, ही इंदिरा. दुसरी अर्धवट वस्त्रात, सोडलेले केस चेहऱ्यावर आलेली, ही एक फ्रेंच मैत्रीण. दोघी एकमेकींजवळ आहेत आणि तरी आपापल्या जागी एकट्या आहेत. या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या सालोंमध्ये सुवर्णपदक मिळाले आणि अमृताला त्या संस्थेचे सहसदस्यत्व लाभले. तेव्हा तिचे वय वीस होते.

तिच्या नग्नचित्रांचा विषय टाळून चालणार नाही, कारण तिच्याविषयी कुजबूज झाली ती मुख्यतः त्यांवरूनच. युरोपातील कलाशाळेत नग्न मॉडेलवरून अभ्यास करणे हा रोजचा पाठ असतो, त्यात बंडखोरी अशी काही नाही. अमृताचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. १९३३ सालच्या ‘प्रोफेशनल मॉडेल’ या चित्रातली बाई तरुण नाही, सुंदर नाही. तिचे शरीर ओघळलेले, खंगलेले आहे आणि चेहऱ्यावर थकवा आहे. पाहणाऱ्याला सुखवील असे त्यात काहीच नाही. नग्नाकृती म्हटली की रसिकाला जी अपेक्षा असते, तिलाच हे चित्र नकार देते. पुढल्या वर्षी तिने ताहितीच्या स्त्रीच्या वेषात स्वतःला अर्धनग्न रंगवले. पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराने दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या सावळ्या स्त्रिया रंगवून युरोपला मोहात पाडले होते. आता एक सावळी तरुणी स्वतःच कुंचला घेऊन उभी राहिली आणि इतरांनी मला कसे पाहावे हे मीच ठरवीन असे जणू म्हणाली. तिच्यामागे भिंतीवर एका पुरुषाची सावली पडली आहे. तिचे मात्र त्या सावलीकडे लक्ष नाही.

पॅरिसमध्ये नाव होऊ लागले होते. आणखी दहा वर्षे राहिली असती तर तेथे ती स्थिरावली असती. पण १९३४ च्या सुमारास तिला हिंदुस्थानात परतण्याची ओढ लागली. आपले चित्रकार म्हणून भवितव्य तेथेच आहे अशी तिची खात्री पटली होती. यात विशेष असे की ही ओढ तिला युरोपातच लागली. पॅरिसमधल्या संग्रहालयांत भारतीय शिल्पे पाहून, अजिंठ्याच्या चित्रांची पुस्तके पाहून तिच्या मनाने घेतले की अजिंठ्याचा एक तुकडा साऱ्या रेनेसाँसहून अधिक मोलाचा आहे. वडिलांना तिचे परत येणे तितकेसे रुचले नव्हते. मुलीच्या मोकळ्या वागण्याने सिमल्यात घराची अब्रू जाईल अशी धास्ती त्यांना होती. तरी १९३४ च्या अखेरीस ती आलीच. विलायती कपडे टाकून तिने साडी धरली, ती कायमची.

इथे आल्यावर तिने रंगवले काय? थंडीने काकडलेले डोंगराळ मुलखातले स्त्री-पुरुष, कडेवर मूल घेतलेली बाई, एकमेकींशी न बोलता बसलेल्या तीन मुली. १९३५ सालची ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’, ‘मदर इंडिया’ आणि ‘तीन मुली’ ही ती चित्रे. त्या काळी हिंदुस्थानची चित्रे म्हणजे एक तर इंग्रज साहेबाला आवडणारी उन्हात झळकणारी बाजाराची दृश्ये, नाहीतर बंगाल शाळेच्या धूसर, स्वप्नाळू पुराणकथा. शिवाय घराघरांतून रविवर्म्याच्या छापील देवता होत्याच. आमच्या आजोळच्या माजघरातही कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती आणि चित्र म्हणजे ते, अशीच आमची लहानपणी समजूत. या साऱ्यांत अमृताची माणसे बसत नव्हती. ती हसत नाहीत, नाचत नाहीत, काही सांगतही नाहीत. मोठाले डोळे खाली झुकवून उभी असतात. त्यांच्यामागे ना देऊळ, ना डोंगर, ना संध्याकाळचे आकाश. सिमल्याच्या सोसायटीने हात आखडता घेतला तो या सुमारास, हे लक्षात घेतले म्हणजे बक्षीस परत करण्याचा अर्थ लागतो. अर्धे स्वीकारायचे, अर्धे नाकारायचे आणि वर पाठ थोपटायची, हा व्यवहार तिला मान्य नव्हता.

एक शंका येथे मोकळेपणाने मांडायला हवी. जमीनदार घराण्यातली, पॅरिसमध्ये वाढलेली ही मुलगी. गरिबाचे दुःख तिला काय ठाऊक? तिची पहाडी माणसे तिच्याशी दोन शब्द तरी बोलली असतील का? ही शंका अगदीच पोकळ नाही. ‘मदर इंडिया’सारख्या चित्रात दुःख थोडे बाहेरून पाहिल्यासारखे वाटते, आणि खेड्यातला माणूस अष्टौप्रहर खिन्न नसतो हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बंगाल शाळेवरची तिची टीकाही अन्यायाला टेकणारी होती. पण स्वतःच्या कामात काय कमी आहे हे तिला इतरांपेक्षा आधी कळत असे, आणि ते मिळवण्यासाठी ती घराबाहेर पडली.

१९३६ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. मुंबईत तिला कार्ल खंडालावाला भेटले. हे व्यवसायाने बॅरिस्टर, पण भारतीय लघुचित्रांचे मोठे जाणकार आणि संग्राहक. मोगल आणि बसोहली शैलीची चित्रे त्यांनी तिला दाखवली. लहानशा कागदावर तांबड्या-पिवळ्याची ती धीट जुळणी पाहून ती हरखून गेली. मतभेदांसह टिकलेली ही मैत्री तिला शेवटपर्यंत पुरली आणि तिच्यावरचा एक आरंभीचा ग्रंथ खंडालावालांनीच १९४४ साली लिहिला.

मुंबईहून ती वेरूळ आणि अजिंठ्याला गेली. आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांच्या सहली अजिंठ्याला जातात. वाटाड्याच्या बॅटरीचा झोत पद्मपाणीवर पडतो, तो सरकला की आपणही सरकतो, आणि बाहेर येऊन वाघुर नदीच्या वळणाचे फोटो काढतो. अमृताने तेथे चित्रकाराच्या डोळ्याने पाहिले. हजार-पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी गर्दी कशी मांडली आहे, एका रेषेत मान आणि खांदा कसा तोलला आहे, गेरू आणि काजळी यांच्यात हिरवा कसा बसवला आहे, हे तिने जवळून न्याहाळले. सावलीने फुगवून गोलाई आणण्याची युरोपची रीत सोडूनही शरीराला वजन देता येते, हे तिला तेथे प्रत्यक्ष दिसले.

पुढचा मुक्काम हैदराबादचा. तेथेही प्रदर्शन झाले आणि पुढे सांगितला जाणारा एक प्रसंग घडला. सालारजंग, तिसरे, हे तेथील अफाट संग्रहाचे धनी. आज ज्या सालारजंग संग्रहालयात आपण घड्याळातला लोहार ठोके टाकताना पाहायला उभे राहतो, त्या साऱ्या वस्तू त्यांच्या घराण्याच्या. त्यांनी अमृताला आपला संग्रह दाखवला. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गुळगुळीत विलायती चित्रे पुष्कळ होती. नबाबसाहेबांनी मत विचारले, तेव्हा ऐपत असताना असली चित्रे कोणी गोळा का करावी, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. नबाबसाहेबांनी तिची दोन चित्रे पसंतीसाठी ठेवून घेतली होती, ती काही दिवसांनी परत आली. गोड बोलली असती तर चित्रे खपली असती, आणि तिला पैशाची गरज नव्हती असे मुळीच नाही. ही गोष्ट सांगणारे लोक बहुधा हसत सांगतात. गाठीला पैसे नसताना परमुलखात प्रवास करणाऱ्या मुलीला त्या दिवशी हसू आले असेल असे मला वाटत नाही.

हैदराबादहून ती आणखी दक्षिणेला, त्रावणकोर, कोचीन आणि कन्याकुमारीपर्यंत गेली. मट्टनचेरीच्या राजवाड्यातील भित्तिचित्रांनी तिला जखडून ठेवले. काळीसावळी माणसे, पांढरीशुभ्र वस्त्रे, तांबडी माती असे रंग तिला तेथे मिळाले. १९३७ मध्ये सिमल्याला परतल्यावर तिने तीन मोठी चित्रे हाती घेतली: ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत’. ‘ब्रह्मचारी’मध्ये पाच मुलगे उघड्या अंगाने, पांढरी धोतरे नेसून बसले आहेत. प्रसंग असा काही नाही. पण पाच शरीरांचे पाच निराळे सावळे रंग आणि त्या पांढऱ्याच्या पाच निराळ्या छटा अशा बसल्या आहेत की चित्रातून एकालाही उठवता येणार नाही. ‘वधूचा शृंगार’मध्ये वेणी घालून घेणाऱ्या नवरीच्या मेंदीने रंगलेल्या हातांवर सारे चित्र येऊन थांबते. येथे दुःख दाखवण्याचा प्रयत्नच नाही आणि म्हणून ‘मदर इंडिया’पेक्षा हे चित्र अधिक खोल जाते. अजिंठ्याने तिला दिले ते हे.

१९३७ सालीच बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. हे मात्र तिने परत केले नाही. नोव्हेंबरात लाहोरच्या फलेटी हॉटेलातील प्रदर्शन गाजले, समीक्षकांनी वाखाणले. विक्रीचे म्हणाल तर फार चित्रे गेली नाहीत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लावण्यास ती उदास, आणि देशाभिमान्यांना पुरेशी देशी वाटत नव्हती.

तिच्या प्रेमप्रकरणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सिमल्यात इंग्रज पत्रकार माल्कम मगरिज यांच्याशी तिचे काही काळ नाते होते आणि त्यांचे तिने केलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. ती हंगेरीत असताना आईवडिलांनी तिच्याकडची जुनी पत्रे जाळून टाकली. आपल्या म्हातारपणाच्या आठवणींचा ठेवा गेला याचे तिला फार दुःख झाले. म्हातारपण तिच्या वाट्याला यायचे नव्हते ही गोष्ट वेगळी. यापलीकडे या विषयात जाण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

१९३८ च्या जुलैत बुडापेस्टला तिने आपला मामेमावस नात्यातला भाऊ डॉ. व्हिक्टर एगान याच्याशी, घरच्यांचा विरोध पत्करून, लग्न केले. तो बालपणापासूनचा जिवलग आणि तिला पुरता ओळखणारा. दुसरे महायुद्ध पेटण्याच्या बेतात असताना १९३९ मध्ये दोघे हिंदुस्थानात आले आणि गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे मजिठिया मंडळींच्या साखर कारखान्याच्या इस्टेटीवर राहिले. व्हिक्टर तेथे डॉक्टरकी करी.

सराया म्हणजे उसाचे मळे, धूळ, हत्ती, घोडे आणि न सरणाऱ्या दुपारी. चित्राविषयी बोलावे असे आसपास कोणी नाही. तिचे मन तेथे अनेकदा खचले, महिनोन् महिने हात चालेना. आणि तरी तिची सर्वांत प्रसन्न चित्रे याच गावची आहेत. आता तिचे आकार लहान झाले, रंग उजळले. झोक्यावरच्या मुली, पाट्यापाशी बसून हळद वाटणाऱ्या बायका, नदीवर निघालेले हत्ती, म्हातारा गोष्टी सांगणारा, बाजेवर तांबड्या कपड्यात आडवी पडलेली तरुणी. पहाडी माणसांना बाहेरून पाहणारी मुलगी येथे त्याच अंगणात राहत होती, त्यांच्या कंटाळ्यात वाटेकरी होती. घरात कोंडलेल्या बाईच्या दुपारी तिच्या आधी आपल्याकडे कोणी अशा रंगवल्या नव्हत्या. मगाशी मांडलेल्या शंकेला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

१९४१ च्या सप्टेंबरात दोघे लाहोरला राहावयास गेली. व्हिक्टरने दवाखाना काढायचा, तिने मोठ्या शहरात, जाणकार मित्रांत पुन्हा काम करायचे, असा बेत होता. डिसेंबरात प्रदर्शन ठरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती एकाएकी आजारी पडली आणि ५ डिसेंबरच्या रात्री गेली. आजाराचे नेमके कारण कधीच ठरले नाही. आई अखेरपर्यंत जावयाला दोष देत राहिली आणि १९४८ मध्ये तिने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याच डिसेंबरात इंग्लंडने हंगेरीशी युद्ध पुकारल्यामुळे व्हिक्टरला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक झाली. ठरलेले प्रदर्शन तिच्या मागे भरले.

तिने मागे ठेवलेली चित्रे दोनशेच्या आतच आहेत. त्यांतली बहुतेक आप्तांकडून सरकारकडे आली आणि १९५४ मध्ये दिल्लीत उघडलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेली. १९७६ साली तिच्या कलाकृती राष्ट्राचा ठेवा म्हणून जाहीर झाल्या. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १९७८ मध्ये ‘हिल विमेन’ टपालाच्या तिकिटावर आले. २०२३ च्या सप्टेंबरात तिचे १९३७ सालचे ‘द स्टोरी टेलर’ लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेले. तोवर कुठल्याही भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. दोन चित्रे हैदराबादेत ठेवून घेऊन परत आली, त्या गोष्टीला तेव्हा जेमतेम सत्त्याऐंशी वर्षे होत होती.

लाहोरच्या घराच्या गच्चीवरून मागच्या वस्तीतली धाबी आणि अंगणे दिसत. शेवटच्या दिवसांत ती तेच रंगवत होती. मातकट भिंती, सपाट छपरे, आणि खाली बसलेल्या काळ्या म्हशी. चित्रात माणसाचा चेहरा असा नाहीच, नुसते रंगांचे ठोकळे एकमेकांशेजारी ठेवलेले. तिच्या साऱ्या चित्रांत हे सर्वांत धीट, आणि ते अर्धेच राहिले आहे.